पिठात पडलेली बिअर

बिअर घालून भाजलेला खारा पाव आपल्या जुन्या हैद्राबादी मराठी घरांत अजून रुळलेला नाही. तो रुळावा की न रुळावा याविषयी गेल्या पौषापासून माझ्या नात्यागोत्यात जो खल चालू आहे, त्यात दोन्ही पक्षांनी पंच म्हणून मला बसवले आहे. पंचाने निकाल द्यायचा तर तो चारचौघांसमक्ष द्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच. वादाचे स्थळ आहे आदिलाबाद जिल्ह्यातले इंद्रवेल्ली. गुडीहत्नूरहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना दोनच कारणांनी ठाऊक असते. एक, जवळच्या केसलापूरची नागोबाची जत्रा. आणि दुसरे, 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर तिथे झालेला गोळीबार. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता, लोकांच्या तोंडचा त्याहून कितीतरी मोठा. त्या मृतांचा स्तूप गावात उभा आहे. अशा गावी पावाच्या एका लादीवरून वाद माजावा हे हलके वाटेल, पण वाद कुठून कुठे गेला ते पाहिल्यावर वाचकांना तसे वाटणार नाही अशी माझी समजूत आहे.

प्रकरण थोडक्यात असे. माझे एक चुलतबंधू तिथे राहतात. निजामाच्या अमदानीत त्यांचे आजोबा तिकडे गेले आणि ज्वारी-कापसाच्या शेतीवर तिथेच स्थिरावले. त्यांची धाकटी सून पुण्याची. तिने माहेरहून विजेची भट्टी आणली आहे आणि त्या भट्टीचा तिला सार्थ अभिमान आहे. पौष अमावास्येच्या जत्रेसाठी घरी पाहुणे जमलेले असताना तिने कांदा, जिरे आणि तीळ घातलेला एक पाव भाजला. बाहेरून कडक, आतून जाळीदार, आणि चवीला काहीसा भाजलेल्या मोडाच्या धान्यासारखा. वहिनींनी दोन तुकडे लोण्याबरोबर खाल्ले, तिसरा उचलला आणि सहज विचारले, "यात आंबट काय घातलंस गं? ताक?"

"नाही आई, बिअर."

वहिनींनी तिसरा तुकडा ताटलीत परत ठेवला. पहिले दोन परत ठेवण्याची सोय नव्हती, आणि माझ्या मते खरा राग त्याचाच होता. बंधू एवढेच म्हणाले, "चव चांगली आहे हीच तर अडचण आहे." मग जे व्हायचे ते झाले. सासरचे सोवळे, माहेरचे शिक्षण, पुण्याचे पाणी, सगळे निघाले. दोन दिवसांनी मी पोहोचलो तो कज्जा तयारच होता.

निकालाआधी मूळ वस्तू समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे पदार्थ न पाहता त्याच्या नावावर निकाल देण्याची जुनी खोड आहे. हा पाव झटपट होणाऱ्यांपैकी. अडीचशे ग्रॅम मैदा, सव्वाशे ग्रॅम ज्वारीचे पीठ, तीन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा मीठ, आणि त्यात 330 मिलिलिटरची एक लहान बाटली बिअर. पळीने पाच-सात वेळा फिरवायचे, डब्यात ओतायचे आणि 180 अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटे भाजायचे. मळायचे नाही. मळले की गव्हातला चिकटपणा ताणला जातो, पाव चिवट होतो आणि बिअरचा वायू हातातच निघून जातो. ज्वारी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घालू नये. तिच्यात तो चिकटपणा नसल्यामुळे पावाला उभे राहायला आधार मिळत नाही. जिला बिअर जमते तिला भाकरी थापता येत नाही असा टोमणा वहिनींनी या ठिकाणी मारला होता, तो मी नोंदवून ठेवतो. त्याचा निकालाशी संबंध नाही.

आता यातली बिअर करते काय? पुष्कळांची समजूत अशी की बिअरमुळे पीठ आंबते आणि पाव फुगतो. बाटलीतल्या बिअरपुरते ते खरे नाही. कारखान्यातली बिअर गाळलेली आणि बहुधा तापवून निर्जंतुक केलेली असते. तिच्यात आंबवणारे जिवंत किण्व उरलेले नसते. फुगवण्याचे काम करतात तिच्यातले बुडबुडे, आणि त्याहून अधिक ती बेकिंग पावडर. ही पावडर 1843 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने केली, ती आपल्या बायकोला यीस्ट सोसत नसे म्हणून. म्हणजे या पावात बिअर आहे ती मुख्यतः चवीपुरती. मोड आणून भाजलेल्या जवाचा खमंगपणा आणि हॉप्सच्या फुलांचा थोडा कडवटपणा तिच्यामुळे येतो. म्हणून हलकी बिअर घ्यावी. कडू बिअरचा पाव भाजल्यावर अधिकच कडू लागतो.

जुन्या काळी मात्र बिअर खरोखरच पाव फुगवीत असे. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो की गॉल आणि स्पेनमधले लोक बिअरवरचा फेस आंबवण म्हणून वापरतात आणि म्हणून त्यांचा पाव इतरांपेक्षा हलका होतो. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकापर्यंत पाववाला आंबवण आणायला बिअरवाल्याच्या दारी जाई. गंमत अशी की आमच्या वहिनींचा खटला पॅरिसमध्ये साडेतीनशे वर्षांपूर्वी चालून गेला आहे. बिअरच्या फेसाने फुगवलेला मऊ पाव प्रकृतीला घातक आहे की काय असा प्रश्न तिथे निघाला. 1668 साली वैद्यक विद्यापीठातल्या पंडितांनी बहुमताने त्या पावाविरुद्ध मत दिले. न्यायसभेने मात्र 1670 मध्ये, फेस ताजा आणि गावातलाच असावा एवढ्या अटीवर, परवानगी दिली. पॅरिसचे लोक दरम्यानच्या दोन वर्षांत तो पाव खातच होते. किण्व हे सजीव आहे हे पाश्चरने दाखवून दिले ते त्यानंतर दोनशे वर्षांनी. तेव्हा पंडितांचे मत आणि वहिनींचे मत यांत शास्त्राच्या दृष्टीने फारसे डावे-उजवे करता येणार नाही.

परंतु पॅरिस दूर राहिले. आपल्या मराठी मुलखाच्या कडेलाच पाहू. गोव्यातला पोदेर माडाची सूर घालून पीठ आंबवी. पोळी नावाचा तो कोंड्याचा पाव अशाच आंबवणावर वाढला. सान्नां तर सुरेवाचून सान्नां नव्हेत असे जुने गोंयकार अजून म्हणतात. वसईकडच्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला तळतात ते फुगे मुळात ताडीनेच फुगत. इंग्रजी अमलात यीस्ट टिकत नसे तेव्हा छावण्यांतल्या कित्येक पाववाल्यांनी ताडीवरच भागवले. ताडी आणि सूर यांत किण्व जिवंत असते. सकाळी उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत आपणच फसफसू लागतो. तो पिठात घालावा, पीठ चार तासांत दुप्पट. म्हणजे इंद्रवेल्लीची बिअर ही मूळ कलेची उसनी सावली आहे, आणि मूळ कला आपल्याच किनाऱ्यावर होती. आता गोव्यात माडावर चढणारे रेंदेर फारसे उरले नाहीत, तेव्हा भट्ट्यांतही यीस्टचे पुडे आले. पूर्वीची पोळी खाल्लेले लोक आजच्या पोळीला नावे ठेवतात. मी दोन्ही खाल्ल्या आहेत आणि त्यांच्याशी सहमत आहे.

इथे आपल्या मनातली खरी गाठ सुटते. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, आणि त्याच्याबरोबर आलेली दहशतही त्यांच्याच काळची. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यालेले सगळे गाव बाटले, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. ती किती गावांत घडली हे इतिहासकारांनी पाहावे. पण ज्यांना परत घेण्याचे आपल्याच समाजाने नाकारले त्यांची संख्या कथेच्या बाहेर फार मोठी होती. पावाने कोणी बाटले नाही. पंगतीने बाटवले. वहिनींचा तिसरा तुकडा ताटलीत परत गेला तेव्हा त्या विहिरीचाच काठ मला दिसला, आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पाव आम्ही रोज खातो. प्रश्न दारूचा आहे." हे उत्तर चोख होते. म्हणून मला दारूकडे वळावे लागले.

त्यांच्याच घरातल्या फडताळात दशमूलारिष्टाची बाटली होती. थोरल्या सुनेच्या बाळंतपणात आणलेली, निम्मी उरलेली. आपल्या कुठल्या घरी ती नसते? द्राक्षासव, अशोकारिष्ट, कुमारी आसव, ही सारी आंबवूनच होतात. धायटीची फुले घालून मडक्यात मुरवत ठेवतात आणि त्यात जे मद्य आपोआप तयार होते ते सामान्यतः पाच ते दहा टक्के असते. बिअरमध्ये पाच टक्के धरा. 330 मिलिलिटरच्या बाटलीत साडेसोळा मिलिलिटर मद्यार्क झाला. पीठ भाजताना तो सगळा उडून जातो असे सून म्हणाली, ते बरोबर नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने जी कोष्टके प्रसिद्ध केली आहेत त्यांप्रमाणे अर्धा तास भाजल्यावर सुमारे पस्तीस टक्के आणि तासाभराने पंचवीस टक्के मद्यार्क उरतो. म्हणजे अख्ख्या पावात पाचएक मिलिलिटर, आणि दहा तुकडे केले तर एका तुकड्यात अर्धा. दशमूलारिष्टाचे चार चमचे घेणाऱ्या बाळंतिणीच्या पोटात याच्या दुपटीहून कमी जात नाही. तिला आपण वर पाणी देतो आणि म्हणतो, शक्ती येईल.

आणि घरातले इतर आंबवणे? आंबोळी, इडली, तीन दिवस भिजवून चीक काढलेल्या कुरड्या, गुळात मुरवलेले अनारशाचे पीठ. आपल्या चारकमानीजवळचे चौकोनी नान आपण आजोबांच्या काळापासून आणतो. खमीर म्हणजे काय हे कोणी त्या भट्टीवाल्याला विचारल्याचे मी ऐकले नाही. कौटिल्याने तर सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे, किण्व कसे करावे याची प्रमाणे दिली आहेत, आणि उत्सव-समाज-यात्रांच्या वेळी चार दिवस सुरा गाळण्याची लोकांना मोकळीक ठेवली आहे. जत्रेच्या पाहुण्यांना बिअरचा पाव खायला घालणाऱ्या सुनेला याहून जुना आधार कोणता हवा?

इथपर्यंत माझा निकाल सुनेच्या बाजूने होता. तो तसाच लिहून दिला असता तर हा लेख इथेच संपला असता आणि वाचकांचे दहा मिनिटे वाचली असती.

पण त्या घरी शेतावर आणि घरकामाला एक गोंड बाई येते. आदिलाबादेतले गोंड गोंडीइतकीच सफाईने मराठी बोलतात हे आपल्या शहरातल्या लोकांना सांगावे लागते. ती ओट्यापाशी उभी राहून आमचे शास्त्रार्थ ऐकत होती. कौटिल्य झाला, पॅरिस झाले, तेव्हा ती सुनेला म्हणाली, "ताई, आमच्या देवाला मोहाची लागते. ती मी हाताने गाळते, तिचं मला काही नाही. पण ही दुकानातली बाटली घरात आणू नका. आमच्या माणसानं हिच्यापायी दोन बैल घालवले."

यावर कोणी काही बोलले नाही. मीही नाही.

या दोन वाक्यांत जो भेद आहे तो आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. मोहाचे झाड हे त्या मुलखात दारूचे झाड नाही. चैत्राच्या सुमाराला पहाटे फुले गळतात. बायका-पोरे टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखरच असते. ती भाजून खातात, शिजवून खातात, वाटून पिठात घालून रोटी करतात. ज्या महिन्यांत कणगीचा तळ दिसू लागतो त्या महिन्यांतले ते अन्न. त्यातला काही भाग गाळला जातो, देवाला, पितरांना, सोयरिकीला. फुलाला दारू ठरवले ते सरकारने, आणि तेही नीतीसाठी नव्हे. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि मागोमाग 1892 मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला, तो फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध घालणारा. कारण घरी फुले असली तर माणूस मक्तेदाराच्या दुकानात जात नाही आणि सरकारच्या वसुलीला तोटा येतो. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरचा पहारा चालूच ठेवला. महाराष्ट्रात हे जाच 2021 साली सैल झाले. म्हणजे सव्वाशे वर्षे आदिवासीच्या कोठारातले अन्न हे संशयित मुद्देमाल होते, आणि त्याच वेळी मक्त्याच्या दुकानातली बाटली ही कायदेशीर वस्तू होती.

गाळणे, आंबवणे हे घरचे होते तोपर्यंत त्याला ऋतू होता, सण होता, फुलांच्या बेताने मर्यादा होती. दुकानाला ऋतू नसतो. ते बाराही महिने उघडे असते, उधार देते, आणि बैल ओळखते. तेलुगू बायकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरतेच्या वर्गात बसलेल्या बायकांनी 1992 च्या सुमारास सारायीची दुकाने बंद पाडली, ते लोण आंध्रभर पसरले, आणि 1993 मध्ये सारायी बंद झाली. 1995 च्या जानेवारीत एन. टी. रामारावांनी संपूर्ण दारूबंदी केली. 1997 मध्ये ती उठली. तिजोरी रिकामी पडते हे कारण होते, म्हणजे 1892 चेच. ताडीची कथाही निराळी नाही. आपल्या शहरातली सेंधीची दुकाने 2004 मध्ये बंद झाली आणि 2014 मध्ये पुन्हा उघडली. त्यांतल्या पांढऱ्या पाण्यात क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलाम कालवल्याचे वारंवार सापडते, आणि 2025 च्या जुलैत कुकटपल्लीला त्याने माणसे मेली. तेव्हा माडाच्या ताज्या सुरेचे जे गुण मी वर गायिले ते वाचून कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली सेंधी पिठात ओतू नये. ती पिठाला फुगवीलही. खाणाऱ्याचे काय करील हे सांगवत नाही.

म्हणून आक्षेप दोन आहेत आणि ते एकाच शब्दात बोलले जातात, ही सारी घोटाळ्याची मुळी. वहिनींचा आक्षेप वस्तूच्या स्पर्शाला आहे. तो, क्षमा करा वहिनी, फडताळातल्या अरिष्टापाशीच टेकीला येतो. त्या बाईचा आक्षेप स्पर्शाला नाही, गुत्त्याला आहे; आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. अर्ध्या मिलिलिटरचे गणित तिच्यापुढे मांडणे म्हणजे बुडालेल्या माणसाच्या घरी जाऊन घागरभर पाण्यात कोणी बुडत नसते असे सांगण्यापैकी आहे. पावासाठी आणलेली बाटली म्हणजे दुकानाचा रस्ता त्या उंबऱ्यापर्यंत आणणे होय. रिकामी बाटली ती बाईच घासून ठेवणार, हेही सुनेच्या ध्यानात आले नव्हते.

यात आपल्या लोकांचा आणखी एक भाग आहे, तो टाळून चालणार नाही. या पठारावर महाराष्ट्रातून शेतकरी आले, व्यापारी आले, सावकार आले. जमिनी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेल्या हे हायमेनडॉर्फने 1940 च्या दशकात तिथे राहून लिहून ठेवले आहे. ज्याला आपण जुने स्थायिक घराणे म्हणतो त्याचे जुनेपण त्या मुलखात दोन-तीन पिढ्यांचे. गोंडांचे मोजायला आपल्याजवळ पंचांग नाही. त्यांच्या उंबऱ्याशी आपण शंभर वर्षे नांदलो आणि मोह म्हणजे दारू याहून अधिक शिकलो नाही, ही गोष्ट मला बिअरच्या पावाहून जास्त सलते. केसलापूरला मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, नागोबाला त्याचा अभिषेक होतो, आणि मग वर्षभरात घरात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. त्या भेटीनंतर ती सून कुळाची. आमची सून हे पाहून आली होती, त्याच दिवशी तिने पाव भाजला होता. आपल्या घरी सुनेला कुळात घेण्याचा विधी लग्नापाशी संपतो. पुढचे सगळे स्वयंपाकघरात, रोज थोडे थोडे, चालू राहते. त्या पावामागे हेही होते असे मला वाटते. ती तसे म्हणाली नाही.

आता निकाल. बिअरच्या पावाने कोणाचेही कूळ, सोवळे किंवा संस्कृती बुडत नाही. शहरात ज्या घरी बाटलीने कोणाचे वाटोळे केलेले नाही, त्यांनी तो खुशाल भाजावा. मात्र खाणाऱ्याला आधी सांगावे. वहिनींची या मुद्द्यावरची तक्रार संपूर्ण खरी आहे आणि सुनेने ती मान्य केली आहे. आपल्या हैद्राबादेत शेजारच्या घरातून ईदेची खीर येते आणि आपल्या घरची फराळाची ताटे तिकडे जातात. त्या ताटात हा तुकडा न सांगता गेला तर पिढ्यांची मैत्री एका घासात उष्टी होईल. दारू सोडलेल्या माणसालाही तो देऊ नये. वास आणि चव पुरेशी असते. लहान मुले आणि गरोदर बायकांचेही तेच. पण इंद्रवेल्लीच्या त्या घरात बाटली येऊ नये, आणि याचे कारण वहिनी नव्हेत, ती बाई आहे. वहिनींना निकाल आवडला, कारण आवडले नाही.

सुनेचे तोंड उतरले, तेव्हा दुसरा मार्ग आम्ही तिथेच शोधला. बिअरची पावातली चव म्हणजे मुळात मोड आणलेल्या धान्याची चव. ती आपल्या घरांना परकी नाही. बाळाला नाचणीचे सत्त्व करताना आपण तेच करतो. ज्वारी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवावेत, मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून दळावेत. हे पीठ पावाच्या पिठात चार चमचे. बिअरच्या जागी आंबट ताक, आणि बेकिंग पावडरपैकी एका चमच्याऐवजी पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा, म्हणजे ताकातल्या आंबटाशी त्याची गाठ पडून वायू सुटतो. आयर्लंडची गरिबांची रोटी याच युक्तीने फुगते. ज्यांना नीरा मिळते त्यांनी ती एक रात्र झाकून ठेवून वापरून पाहावी. शहरात 2023 पासून नेकलेस रोडवर नीरेचे दुकान झाले आहे, पण इंद्रवेल्लीला ती कुठून आणणार?

त्या बाईने दुसऱ्या दिवशी वाळलेली मोहफुले मूठभर आणून दिली. उटनूरला भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाच्या बायका मोहाचे लाडू करतात, आणि आदिलाबादच्या दोन बहिणींच्या मोहाच्या पदार्थांचा उल्लेख 2025 च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून केला, तेव्हा फुलाला आता अन्न म्हणून पुन्हा पत येऊ लागली आहे. फुलातले पुंकेसर काढून टाकावे, फुले कोमट ताकात तासभर भिजवून वाटावी आणि त्याच ताकात पीठ कालवावे. पावाचा रंग तांबूस येतो. चव गोडसर, धुरकट, खाऱ्याला शोभणारी. कांदा थोडा जास्त घालावा. वहिनींनी तीन तुकडे खाल्ले. बिअरच्या पावात जो हॉप्सचा कडवटपणा असतो तो यात नाही अशी सुनेची तक्रार राहिली, त्यावर उपाय वहिनींनीच सांगितला: मेथीचे दाणे भाजून, कुटून घालायचे. एका पावाला पाचसहा पुरे.